फक्त मुलींनीच संपर्क साधावा

माऊसच्या पोटातली रबरी गोळी कुठेतरी अडकत होती. हात पुढे सरकायचा, पण पडद्यावरचा बाण जागच्या जागी थरथरत राहायचा — नेमका त्या नावावर. आचल. रीताने माऊस उलटा केला, खालची चकती फिरवून गोळी तळहातावर घेतली. राखाडी, एवढीशी असून जड, आणि तिच्यावर कोणाकोणाच्या हातांचा मळ धाग्यासारखा गुंडाळलेला. ओढणीच्या टोकाने ती पुसता पुसता तिच्या मनात आलं, की त्या फोनवाल्या माणसानेही कदाचित हाच माऊस धरला असेल... याच खुर्चीवर, याच लाकडी खोक्यात बसून, मागचा पडदा ओढून घेऊन. तिने गोळी घाईघाईने परत बसवली आणि हात पुन्हा एकदा पुसले.

आचलचा मेल काल संध्याकाळचा होता. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, वाचताना जीभ अडखळावी असं. ताई, मी उद्या येते. दुपारच्या गडचिरोलीच्या गाडीनं. हिरवा ड्रेस घालीन. तुम्ही मला ओळखाल ना?

ओळखाल ना... या दोन शब्दांवर ती थांबली. कोण विचारतं असं? घाबरलेली मुलगी विचारते. किंवा घाबरलेली मुलगी कशी विचारेल हे ज्याला ठाऊक आहे, तो विचारतो.

"झालं का ताई?" काउंटरवरून धनराजभाऊंनी विचारलं. हे कॅफे त्यांचं. चार खोकी, एक प्रिंटर, आणि भिंतीवर गणपती. आधी एकदा झालेल्या फसवणुकीबद्दल अख्ख्या चंद्रपुरात फक्त त्यांनाच माहीत होतं, तेही अर्धंच.

"आज येणार म्हणते."

"पाहा, मी सांगतलं ते ध्यानात ठेवा. भेट गर्दीत. पत्ता शेवटी. अन् पैशाचं नाव निघालं तर उठून सरळ चालू लागा." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "मी येऊ का संगं?"

ती नाही म्हणाली. नाही म्हणताना तिला जाणवलं, की गेल्या दोन महिन्यांत ती चांगल्या माणसांनासुद्धा अगदी त्याच सुरात नाही म्हणू लागली आहे.

बाहेर ऊन चढत होतं. दिवाळी होऊन गेली होती, पठाणपुऱ्याच्या रस्त्यावर अजून फटाक्यांच्या कागदाचा लाल चुरा नालीच्या कडेला चिकटलेला. खोली इथून जवळच. नीलाबाईंच्या घराची वरची खोली, पुढून एक दार आणि मागच्या बोळीत उतरणारा एक जिना. आधीची रूम पार्टनर लग्न होऊन गेली, त्याच आठवड्यात नीलाबाईंनी सांगून टाकलं होतं — एकट्या पोरीला मी वर ठेवणार नाई बाई, उद्या काही झालं तर तुझ्या बापाले मी काय तोंड दाखवू? दुसरी कोणी आण, नाहीतर खोली सोड. आणि खोली सोडायची म्हणजे ब्रह्मपुरीच्या पुढे, तलावाच्या काठी, बाबांच्या घरी परत. या इस्तारीची पोरगी शिकली, चंद्रपूरले रक्त तपासते, असं गावात सांगणारे बाबा तेवढ्याच सरळपणे म्हणाले असते — झालं ना आता, ये घरी. पाहुणे येऊन राह्यले पाहाले. बाबांचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण ते रागावत नसत, नुसते हात धरून घेऊन जात.

म्हणून तिने जाहिरात टाकली होती, खोल्या शोधणाऱ्यांच्या एका साइटवर. फक्त मुलींनीच संपर्क साधावा. हे वाक्य लिहिताना दाराला कडी घातल्यासारखं वाटलं होतं. आणि पहिलं उत्तर आलं प्रणालीचं.

प्रणाली रोज लिहायची. प्रणालीलाही अंधाराची भीती वाटायची, प्रणालीचीही आई आजारी असायची, प्रणालीलाही दुधाच्या चहाने पित्त व्हायचं. दिवसभर कोणाशी न बोललेली रीता संध्याकाळी त्या खोक्यात बसून तिच्याशी बोलायची, आणि बोलता बोलता सांगत गेली... की जिना मागून वेगळा आहे, की गुरुवारी नीलाबाई भजनाला जातात, की भारनियमनाच्या वेळी ती मेणबत्ती लावून दाराला पाठ टेकून बसते. शहराबाहेर विजेच्या कारखान्याच्या चिमण्या धूर ओकत असतात आणि इथे आमच्या गल्लीत अंधार, असं तिने लिहिलं होतं, आणि प्रणालीने हसणारा चेहरा पाठवला होता. मग प्रणालीने डिपॉझिटची गोष्ट काढली. माझ्या भावाच्या खात्यात थोडे टाक, मी तिकडून आपल्यासाठी गादी घेऊन येते. रीता म्हणाली, आधी फोनवर बोलू. फोन आला. पलीकडे पुरुष होता. तो काही वाईट बोलला नाही — हेच तिला विसरता येत नव्हतं. तो फक्त हसला, थोडा वेळ, ओळखीचं माणूस हसतं तसं, आणि म्हणाला, "मेणबत्ती आहे ना घरात?"

तेव्हापासून कधीमधी कोरे फोन येत. पलीकडे श्वाससुद्धा नाही. आणि त्याला चेहरा नव्हता, म्हणून तो सगळ्यांच्याच चेहऱ्यावर होता. पानठेल्यावर, ऑटोत, लॅबमध्ये बाही वर करून बसलेल्या माणसाच्या. सुई टोचताना तिचा हात कापत नसे, पण सुई काढताना ती त्या माणसाच्या डोळ्यांत बघत नसे.

लॅबमध्ये आज गर्दी होती. हिवतापाचे दिवस. एका म्हाताऱ्याची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली धरून ती हळूहळू सरकवत होती — गुलाबी पेशी, गुलाबी पेशी, कुठेच काही नाही. काहीच न दिसणं म्हणजे काहीच नसणं नव्हे, हे तिला शिकवलेलं होतं. पण किती बघायचं? कुठे थांबायचं? आचलला तिने सगळं विचारलं होतं. नोकरी कुठे लागली — विम्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर. मग तिथल्या लँडलाइनवरून फोन कर. मुलाखतीच्या दिवशी तिने केला. आवाज मुलीचा होता, पण आवाजाचं काय, बहिणीला बसवता येतं. फोटो पाठव; पाठवला. गाव सांग, वडिलांचं नाव सांग. आरमोरीजवळचं गाव, दादाजी म्हणून कोणालाही विचारा ताई, धानाच्या बांधीवर असतात. एकाही प्रश्नावर ती चिडली नाही. उलट प्रश्न तिने एकही केला नाही. आणि हेच... खरं माणूस चिडत नाही का? खऱ्या माणसाला राग येत नाही, मला चोर समजते म्हणून? मला आला असता. मला नक्की आला असता.

म्हाताऱ्याचा मुलगा खिडकीशी येऊन म्हणाला, "मॅडम, काही आहे का?" ती दचकली. "अजून पाहून राह्यले," ती म्हणाली, आणि आपल्या तोंडून गावाकडची बोली निघालेली ऐकून तिला उगाच उघडं पडल्यासारखं झालं.

दुपारी सुट्टी घेऊन ती बसस्टँडवर आली. तिचं ठरलेलं होतं. फलाटाच्या टोकाला खांबाआड एक बाक आहे, तिथून गडचिरोलीची गाडी लागते ती जागा दिसते, पण त्या जागेवरून हा बाक दिसत नाही. हिरवा ड्रेस उतरेल. हिरवा ड्रेस फोन करेल. फोन माझ्याच हातात वाजला आणि तिच्याच कानाला फोन असला तर निदान आवाज आणि माणूस एक आहे एवढं कळेल. मग बघायचं, तिच्या मागे कोणी उभं आहे का. मग... पुढचं तिने ठरवलं नव्हतं.

बाकावर एक बाई आधीच बसलेली होती. गुडघ्याच्या खाली काष्टा ओढलेलं लुगडं, मांडीवर कापडी पिशवी. रीता बसली तशी बाईने जागा करून दिली, आणि थोड्या वेळाने विचारलं, "कोणाची वाट पाहून राह्यली, पोरी?"

"भावाची."

"कुठून येऊन राह्यला?"

"...नागपूरहून."

"नागपूरची तर तिकडं लागते ना?" बाईने दुसऱ्या टोकाकडे हनुवटी केली.

"इकडेच येतो म्हणाला."  कशाला विचारते ही एवढं? स्पीकरवरून खरखरीत आवाजात सूचना चालू होती — प्रवाशांनी अनोळखी व्यक्तीकडून खाण्याचे पदार्थ घेऊ नयेत — आणि बाई नेमकी त्याच वेळी पिशवीत हात घालून उकडलेले शिंगाडे काढत होती. काळपट, ओलसर, मिठाचा वास असलेले.

"घे."

...तलावावर धुकं असायचं. बाबा छातीएवढ्या पाण्यात, हवा भरलेल्या ट्यूबला एक हात अडकवून, दुसऱ्या हाताने वेल उलटा करून शिंगाडे खुडायचे, आणि काठावर आई तीन दगडांवर पाण्याने भरलेला मोठा गंज ठेवून जाळ घालायची. पहिला गंज उतरला की रीताच्या फ्रॉकच्या ओच्यात गरम गरम ओतायची, आणि पोट भाजायचं, तरी ती ओचा सोडायची नाही...

"मला नाही आवडत," रीता म्हणाली.

बाईने हात मागे घेतला नाही, लगेच तरी नाही. "झाडीपट्टीतल्या पोरीले शिंगाडे नाई आवडत?"

"मी वरोऱ्याची आहे."

"असं. अन् नाव काय तुहं?"

समोरच्या हॉटेलवर पाटी होती, ज्योती उपाहारगृह. "ज्योती," रीता म्हणाली. किती सहज आलं ते! भीतीने तिला एक गोष्ट चांगली शिकवली होती. बाई मान डोलवत एकटीच शिंगाडा सोलू लागली, आणि रीताच्या तोंडाला लाळ सुटली. शिंगाड्याविषयीचं ते खोटं नावाच्या खोट्यापेक्षा जास्त टोचत राहिलं. काय बिघडलं असतं एक खाल्ला असता तर? पण असंच तर होतं. काय बिघडतं, असंच तर वाटत होतं जिन्याविषयी लिहिताना.

गडचिरोलीची गाडी आली. माणसं, पोती, कोंबड्यांचं एक टोपलं. आणि गर्दीतून बाजूला होऊन उभी राहिलेली एक मुलगी, हिरव्या ड्रेसमधली, खांद्याला निळी एअरबॅग. फोटोतल्यापेक्षा बुटकी, फोटोतल्यापेक्षा काळजीत. ती इकडे तिकडे बघत होती. तिच्या मागे कोणी नव्हतं. तिने मोबाइल काढला, कानाला लावला.

रीताच्या मांडीवर फोन वाजला. तिने कट केला.

झालं. आवाज आणि माणूस एकच होतं. आता उठायचं, चार पावलं जायचं, हाक मारायची. ती बसूनच राहिली. त्या मुलीने फोन कानापासून दूर धरून त्याकडे बघितलं, मग पुन्हा लावला. तिच्या मागे कोणी नाही, पण बाहेर असेल. ऑटोत बसलेला असेल. थोडं थांबावं. अजून थोडं बघावं. फोन पुन्हा वाजू लागला, मांडीवर थरथरत, आणि रीताचं बोट पुन्हा त्या लाल बटणाकडे गेलं.

"उचल ना, पोरी," शेजारची बाई म्हणाली. शिंगाड्याची सालं तिने नीट पदरात गोळा करून ठेवली होती. "माही आचल आहे ते."

फोन वाजून वाजून थांबला. रीताला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग कानांच्या पाळ्या तापल्या.

"तुम्ही..."

"मी तिची माय. भागीरथा." बाई तिच्याकडे बघतही नव्हती, खांबापुढे वाकून मुलीला हात करून बोलावत होती. "सकाळच्याच गाडीनं आलो आम्ही. तिले बायकांच्या खोलीत बसवलं, अन् गाडी आली का गर्दीत मिसळ म्हणलं. तिचा बाप तर सोडतच नव्हता. कम्प्युटरवरची सोबतीण म्हणजे काय, म्हणे. बाई आहे का बुवा, कोणाले ठाऊक. मी म्हणलं, मी पाह्यते. त्या सोबतिणीले माहीत नसताना पाह्यते."

"पण मीच... हे कसं कळलं?"

"वाट पाहणारं माणूस खांबाच्या पुढं उभं राह्यते. तू मागं बसली."

आचल जवळ आली. "ताई? रीताताई?" ती हसली, आणि आईकडे बघून हसू अर्ध्यावर थांबवलं.

"हे तर ज्योती आहे म्हणते," भागीरथाबाई म्हणाल्या. "वरोऱ्याची. भाऊ येऊन राह्यला तिचा."

रीताला रडू आलं नाही, त्यापेक्षा वाईट काहीतरी झालं. तिला आपला चेहरा बाहेरून दिसला. खांबाआडचा, खोटं नाव सांगणारा, फोन कापून गंमत बघणारा चेहरा. याला आपण दोन महिने शोधत होतो. "मला भीती वाटली, काकू," ती म्हणाली. "म्हणून."

"आमाले नाई वाटली का?" बाईंच्या आवाजात राग नव्हता. "खोटं बोलताना तुले घाम सुटते, हे पाह्यलं मी. ते चांगलं आहे. पण बोलतेस, हेही पाह्यलं."

खोली बघायची की नाही यावर मायलेकी थोडं बाजूला होऊन बोलल्या. मग बघायचं ठरलं. ऑटोत रीता एका कडेला बसली, मध्ये भागीरथाबाई, पलीकडे बॅग मांडीवर घेतलेली आचल. जटपुरा गेटच्या कमानीखालून जाताना आचलने वाकून वर बघितलं, आणि रीताला वाटलं काहीतरी सांगावं, हा किल्ल्याचा परकोट, हा गोंड राजांचा... पण तिच्या बोलण्याची किंमत आता उतरली होती. खरं सांगितलं तरी ते आधी तपासलं जाणार होतं.

खोलीत भागीरथाबाईंनी काही हात लावून बघितलं, काही नुसतं बघितलं. खाट, रॉकेलचा स्टोव्ह, खिडकीचे गज. मग मागचं दार उघडून उभ्या राहिल्या. "हा जिना कुठी जाते?"

"मागच्या बोळीत."

"कुलूप लागते का खालून?"

"लागतं."

"इथी काही त्रास तर नाई ना, पोरी? कोणाचा?"

नाही. एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. आचल खाटेवर अलगद बसली होती, बसल्या बसल्या उशीच्या अभ्र्यावरची फुलं बोटाने चाचपत होती. तिला खोली आवडली होती हे कोणालाही दिसलं असतं. नाही म्हटलं तर ती बॅग इथेच राहील. नीलाबाई गप्प होतील, बाबा गावातच राहतील, आणि संध्याकाळी दाराला पाठ टेकून बसायला दुसरी एक पाठ असेल. आणि तो? तो तर फोनच करतो, नुसता फोन. आता कमीही झालेत. हे सांगितलंच पाहिजे असं थोडंच आहे, दाराला कुलूप आहे, खाली बाई आहे... प्रणालीलासुद्धा असंच सुचत गेलं असेल का, एकातून एक, इतकं सोपं?

"आहे, काकू," ती म्हणाली. "एक जण आहे."

आणि सांगितलं. सलग नाही, मधूनच, मागून पुढे, थांबत. मेणबत्तीचं वाक्य तिने दोनदा सांगितलं. घरी सांगितलं नाही, मिथुनला — इथे राहणाऱ्या चुलत भावाला — सांगितलं नाही, कारण तो बाबांना सांगेल, हेही सांगितलं.

"त्याले हा जिना माहीत आहे?"

"हो."

"कोणं सांगतला?"

"मीच. मुलगी समजून."

भागीरथाबाईंनी मागचं दार लोटलं, कडी घातली, आणि हात कडीवरच ठेवून उभ्या राहिल्या.  मग आचलच म्हणाली, खाली बघत, "एवढे दिवस तुम्ही एकट्याच राहिल्या इथं, ताई?"

 हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. तिने स्वतःलाही नाही.

"चाल, खाली चाल," आई मुलीला म्हणाली. "घरवालीसंगं बोलाचं आहे मले." आचलने बॅग उचलली, क्षणभर खाटेकडे बघितलं, आणि बॅग खांद्याला लावूनच आईच्या मागे पुढच्या दाराने उतरली. तिने ती का नेली — ठेवायची नाही म्हणून, की नुसती सवय म्हणून — हे रीता ओळखायला गेली, आणि तिच्या लक्षात आलं की ओळखता येत नाही.

खाली अंगणात खुर्च्या सरकल्या. नीलाबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्याशी बोलणारं माणूस मोठ्यानेच बोलतं. खिडकीपाशी जाऊन उभं राहिलं असतं तर सगळं ऐकू आलं असतं. ती उठलीही. गजांपर्यंत हात गेला. खालून भागीरथाबाईंचा आवाज येत होता, शब्द नाही, नुसती चढउतार, विचारणारी, थांबणारी, पुन्हा विचारणारी.

हात मागे आला. ती खाटेच्या कडेला, आचल बसली होती त्याच्या शेजारी, बसली. मी पोलिसात जायला हवं होतं का? मिथुनला सांगायचं का आज? बाबांनाही कळेल मग, कळू दे... भीती गेलेली नव्हती. जीभ हलत्या दाताला लागते तशी ती तिला चाचपून बघत होती, आणि भीती होती तिथेच होती. पण तिच्या पलीकडे, आज सकाळी जिथे काहीच नव्हतं तिथे, थोडीशी जागा झाली होती, आणि त्या जागेत काय ठेवायचं ते तिला माहीत नव्हतं.

माझी चौकशी चालली आहे, तिला वाटलं. मी कशी आहे, किती वाजता येते, कोण येतं माझ्याकडे, खोटं किती बोलते. दिवसभरात पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आले. विचारा, ती मनाशी म्हणाली. घाई करू नका, नीट विचारा. सगळं विचारा.